हाड जुळण्याआधी सही नको

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारे अनेक कामगार दुचाकीनेच जातात. पुणे-बंगळूर महामार्गावर एखाद्या वाहनाची धडक बसून नडगीचे हाड मोडले, की रोजंदारी त्याच दिवशी थांबते. घरभाडे आणि हप्ते थांबत नाहीत. अशा वेळी त्या वाहनाच्या विमा कंपनीने एकरकमी तडजोड पुढे केली, तर नाही म्हणणे जड जाते.

ही तडजोड बेकायदा नाही. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने कलम 149 नुसार कंपनीला 30 दिवसांत प्रस्ताव देण्याची वाट खुली केली. जखमीने तो स्वीकारला तर न्यायाधिकरण तशी नोंद करते आणि त्यानंतर 30 दिवसांत पैसे द्यावे लागतात. नाकारला तर दाव्याची रीतसर सुनावणी होते. कलम 164 खाली चूक कोणाची हे न पाहता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात. मात्र ही रक्कम या पद्धतीने स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढचा भरपाईचा अर्ज संपुष्टात येतो.

अडचण वैद्यकीय आहे. नडगीचे हाड जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात, उघडी जखम असेल तर जास्तच. कधी हाड जुळतच नाही, जंतुसंसर्ग होतो, पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. सांध्यात गेलेल्या फ्रॅक्चरमुळे संधिवात काही वर्षांनी डोके वर काढतो. मेंदूला मार लागल्यानंतरचा विसराळूपणा, चिडचिड किंवा फिट्स घरच्यांच्या लक्षात उशिरा येतात. महिन्याभरात कायमचे अपंगत्व किती, हे डॉक्टरही ठामपणे सांगू शकत नाहीत.

भरपाई मात्र त्यावरच ठरते. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2010 च्या निकालात स्पष्ट केले, की प्रमाणपत्रावरील टक्केवारीपेक्षा कमाईची क्षमता किती घटली हे पाहावे. पाय आखडला तर टेबलावरच्या कारकुनाचे काम चालते. फौंड्रीत दिवसभर उभा राहणारा मोल्डर घरी बसतो. 30 वर्षांच्या, महिना 15 हजार कमावणाऱ्या कामगाराची क्षमता 20 टक्के घटली, तर 17 च्या गुणकाने केवळ कमाईचे नुकसान 6 लाख 12 हजार होते. उपचार, वेदना, पुढची शस्त्रक्रिया हे हिशेब वेगळे.

किरकोळ दुखापत पूर्ण बरी झाली असेल, तर लवकर मिटवण्यात शहाणपण आहे. खटला वर्षानुवर्षे चालू शकतो. पण घाई केवळ दवाखान्याच्या बिलामुळे असेल, तर मे 2025 पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोकडविरहित मिळतात, हे आधी तपासावे.

थांबणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे. कायद्याने अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. त्यामुळे अर्ज वेळेत करावा, बिले, एक्स-रे आणि पगाराचे पुरावे जपावेत. निकाल मान्य नसेल तर अपिलासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही; ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. तडजोडीच्या कागदावर सही करण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञाला एवढेच विचारावे: हा पाय आता आणखी सुधारणार आहे, की बिघडणार?