पांढरी भुकटी म्हणजे जिप्सम नव्हे

जमिनीवर पांढरा थर फुटला, की पुष्कळ शेतकरी जिप्समची पोती आणून शेतात पसरतात. भिंगार परिसरातही हा खर्च करण्यापूर्वी दोन प्रश्नांचा विचार होणे अगत्याचे आहे : थर कशाचा आहे, आणि पोत्यात काय आहे?

थर खाण्याच्या मिठाचा, सोडियम सल्फेटचा, सोड्याचा किंवा खुद्द जिप्समचाही असू शकतो. जिप्समचा खरा उपयोग चोपण जमिनीस होतो. जमीन केवळ खारवट असेल, तर तेथे चर खणून निचरा करणे व गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे हाच उपाय होय.

पोत्याची गोष्टही तशीच आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात जिप्समच्या खाणी नाहीत. तो मुख्यत्वे राजस्थानातून येतो, किंवा खतांच्या कारखान्यांतून फॉस्फोजिप्समच्या रूपाने मिळतो. त्यात चुनखडीची भेसळ असल्यास सौम्य आम्लाने फेस येऊन ती उघडकीस येते. परंतु जिप्सम व निर्जल कॅल्शियम सल्फेट यांतील भेद आम्लाने कळत नाही.

तो भेद अवरक्त किरणांनी कळतो. डोळ्यांना न दिसणारे हे किरण विल्यम हर्शेल यांनी १८०० साली शोधून काढले. प्रत्येक खनिज त्यांपैकी ठराविक किरणच शोषून घेते. सल्फेटची ठळक खूण दर सेंटिमीटरला ११०० ते ११५० तरंगांच्या आसपास उमटते. जिप्सममध्ये पाण्याचे दोन रेणू असल्याने १६२० व १६८५ च्या जवळ आणखी दोन खुणा दिसतात. अर्धजल प्रकारात १६२० जवळची एकच खूण दिसते, तर निर्जल प्रकारात पाण्याची खूण मुळीच नसते. चिमूटभर नमुना आणि काही मिनिटे एवढ्यावर हे काम होते.

या परीक्षेला मर्यादाही आहेत. साधे मीठ तिच्यात दिसत नाही, आणि एकरी किती जिप्सम घालावा हेही ती सांगत नाही. त्यासाठी माती परीक्षणच हवे. उपकरण महाग आहे, हा आक्षेपही रास्त आहे. तथापि प्रत्येक शेतकऱ्याने परीक्षा करवून घ्यावी असे नव्हे. वाटपापूर्वी प्रत्येक खेपेचा एक नमुना तपासला तरी पुरे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ याच जिल्ह्यात आहे. अशा संस्थांनी हे काम अंगावर घेतल्यास शेतकऱ्याचा पैसा आणि हंगाम दोन्ही वाचतील.

तोपर्यंत शेतकरी बांधवांनी एक नियम पाळावा : आधी माती तपासावी, मग पोते आणावे.