संधीचे माप

नोव्हेंबर जवळ आला म्हणजे कर्जत-खालापूरकडील सुशिक्षित कुटुंबांतून एक प्रश्न हटकून निघतो : ‘आमच्या मुलास अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेत प्रवेश मिळेल काय?’ आजोबा म्हणतात, ‘पोर हुशार आहे, मिळालाच पाहिजे.’ काका म्हणतात, ‘तिथे आपला निभाव कुठला!’ आमच्या मते ही दोन्ही उत्तरे मायेची आहेत, मोजमापाची नाहीत.

प्रथम ‘पर्सेंटाइल’ हा शब्द नीट समजून घ्यावा. ते शेकडा गुण नव्हेत; ती रांगेतील जागा होय. कॅट परीक्षेस अलीकडे दरवर्षी तीन लाखांच्या आसपास उमेदवार बसतात. ९९ पर्सेंटाइल मिळाले म्हणून घरी पेढे वाटले जातात. पण त्या मुलाच्या पुढे अजून सुमारे तीन हजार उमेदवार उभे असतात, आणि १९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या संस्थेत मुख्य अभ्यासक्रमाच्या जागा सुमारे चारशे! त्यांतही काही राखीव.

बरे, केवळ रांगेवरही भागत नाही. खोपोलीच्या वाचकांस घरचेच उदाहरण देतो. १९१५ साली टाटांचे वीजगृह तेथे सुरू झाले. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली येते. पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते, या दोहोंचा गुणाकार झाला म्हणजे वीज किती मिळेल ते कळते. प्रवेशाचेही काहीसे असेच आहे. कॅटचे गुण हे एक अंग. दहावी, बारावी व पदवीचे गुण, नोकरीचा अनुभव आणि मुलाखत हे दुसरे. प्रत्येक संस्था या अंगांना निरनिराळे वजन देते. दहावीचे गुण आता बदलता येत नाहीत. म्हणून ते आधी कागदावर मांडावेत.

ज्याचे मागील गुण बेताचे आहेत, त्याने राज्याच्या सीईटीकडे अधिक लक्ष द्यावे. तेथे गुणवत्ता यादी मुख्यतः त्या एका परीक्षेवर लागते. मुंबईची १९६५ सालची जमनालाल बजाज संस्थाही याच वाटेवर आहे. अर्थात तेथील चुरसही कमी नाही. रायगड जिल्ह्यातील बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि पदवी कोणत्या विद्यापीठाची हे पाहून जागा वाटण्याची पद्धत राज्यात चालत आली आहे. यास्तव त्या वर्षीची माहितीपुस्तिका अवश्य वाचावी. शिवाय शुल्कातही मोठे अंतर आहे. अहमदाबादच्या दोन वर्षांस वीस लाखांहून अधिक रुपये लागतात.

आता घरचा हिशेब. सराव परीक्षांतील सर्वोत्तम आकडा धरू नये. वेळ लावून दिलेल्या शेवटच्या आठ-दहा परीक्षांची सरासरी धरावी. कर्जतहून मुंबईस नोकरीला जाणाऱ्याचे चार तास रोज गाडीत जातात. अभ्यासाचे तास मोजताना ते वजा करावेत. मग संस्थांच्या तीन याद्या कराव्या : आशेच्या, शक्यतेच्या आणि खात्रीच्या. तिसरी यादी कोरी राहिली, तर तयारी अपुरी आहे असे समजावे. नोकरी सोडून किती वर्षे प्रयत्न करावयाचे, हेही निकालाआधीच ठरवावे. निकालाच्या दिवशी कोणाचेच डोके ठिकाणावर नसते.

शेवटी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. मुलगा अपयशी झाला तर ‘आणखी एक वर्ष दे’ असे म्हटले जाते. तेवढेच गुण मिळवणाऱ्या मुलीस मात्र ‘आता पुरे, स्थळे पाहू’ हे ऐकावे लागते. आकडे तेच असता निवाडा निराळा, हे कोणत्या न्यायात बसते? ज्या घरी असा कागद मांडला जाईल, तेथे वडीलधाऱ्यांनी प्रयत्नांची वर्षे दोघांसाठी सारखीच लिहावी, आणि ती मुलीच्या देखत लिहावी.