आधी बघू, मग बोलू

शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद केला, मुलं झोपली की माझा सिनेमा सुरू होतो. मी काही समीक्षक नाही. दिवसभर कोड लिहिणारा आणि रात्री हेडफोन लावून सिनेमे बघणारा साधा माणूस. गेल्या महिन्यात चार सिनेमे पाहिले. दोन अलीकडचे, दोन पूर्वी पाहिलेले. चारही सिनेमांत आपल्यासारखी घरं आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

त्याआधी माझ्या कामातली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे ‘कोड रिव्ह्यू’ असतो. तुम्ही लिहिलेला कोड दुसरा इंजिनिअर तपासतो आणि त्यातल्या चुका दाखवतो. राग येतोच. पण तपासणारे दोन प्रकारचे असतात. एकाने ओळ न ओळ वाचलेली असते. दुसऱ्याने नुसतं फाइलचं नाव बघून मत बनवलेलं असतं. पहिल्याशी बोलण्यात आपला फायदा असतो. दुसऱ्याच्या नादी लागून वेळ जातो.

सिनेमाचंही तसंच आहे. डोळ्यांत सुरमा, गळ्यात ताबीज, मागे हिरवी भिंत आणि हातात बंदूक, एवढ्यात ज्याचा मुसलमान संपतो, त्या दिग्दर्शकाने फाइलचं नाव वाचलेलं असतं. असे सिनेमे येतात, चालतात, आणि सोमवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याचे चटके आपल्याला बसतात. ते खोटं नाही. त्याला विरोध करायलाच हवा. पण त्या रागात आपण दुसरीही एक गोष्ट करतो. ज्याने आपलं घर नीट वाचलंय आणि त्यातली चूक दाखवलीय, त्यालाही त्याच रांगेत उभं करतो. ट्रेलर आला की मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘बघू नका’चे मेसेज सुरू. सिनेमा कुणी पाहिलेला नसतो.

आता सिनेमे.

पहिला ‘होमबाउंड’. नीरज घेवानचा हा सिनेमा 2025 मध्ये कान महोत्सवात गेला आणि नंतर भारताने ऑस्करसाठी पाठवला. शोएब मुसलमान, चंदन दलित. दोघं जिगरी दोस्त, दोघांना पोलीस शिपाई व्हायचंय. वर्दी आली की कुणी नाव-जात विचारणार नाही, असं त्यांना वाटतं. बशारत पीर यांनी 2020 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलेल्या लेखावर ही कथा आधारलेली आहे. लॉकडाउनमध्ये सुरतहून गावी निघालेल्या दोन मित्रांचा, रस्त्याच्या कडेला एकाच्या मांडीवर दुसऱ्याचं डोकं असलेला फोटो तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा पाहिला असेल.

मला त्यातला एक छोटा प्रसंग सोडत नाही. शोएब एका कंपनीत शिपाई म्हणून लागतो. एक कर्मचारी त्याला सांगतो, माझी पाण्याची बाटली तू भरू नकोस. ना शिवी, ना आवाज चढलेला. बाजूला चंदनची गोष्ट आहे. तो अर्जात आपली जात लपवून खुल्या गटात नाव घालतो. एकाला नाव लपवता येत नाही आणि दुसऱ्याला जात लपवावीशी वाटते. दोघांच्या अपमानाला एकाच चौकटीत बसवणारा हिंदी सिनेमा मी फार कमी वेळा पाहिलाय. नीरज घेवान स्वतः दलित आहेत, मुसलमान नाहीत. तरी शोएबच्या घरात कॅमेरा शिरतो तेव्हा पाहुण्यासारखा वाटत नाही. म्हणजे दिग्दर्शकाचा धर्म कोणता, हा प्रश्नच नाही. त्याने वाचलंय का, हा प्रश्न आहे.

दुसरा ‘सीक्रेट सुपरस्टार’, 2017 चा. दिग्दर्शक अद्वैत चंदन. बडोद्याची इन्सिया गाते. बाप मारकुटा, म्हणून ती बुरखा घालून यूट्यूबवर गाण्याचे व्हिडिओ टाकते. आई नजमा आपला हार विकून तिला लॅपटॉप आणून देते. बापामुळे तो लॅपटॉप खिडकीतून खाली जातो. मग छोटा भाऊ गुड्डू त्याचे तुकडे चिकटपट्टीने जोडत बसतो. माझ्या ओळखीतल्या काही जणांचं मत होतं, ‘मुसलमान बाप वाईटच दाखवणार हे लोक.’ मी म्हणतो, बाप मुसलमान आहे, तर नजमा कोण आहे? गुड्डू कोण आहे? नातीला आईची सगळी कहाणी सांगणारी आजी कोण आहे? सिनेमातली सगळ्यात प्रेमळ माणसं त्याच घरातली आहेत. ती आपल्याला दिसत नाहीत आणि बाप तेवढा आपला प्रतिनिधी वाटतो, हे जरा विचित्रच आहे. असे बाप सगळ्या धर्मांत आहेत, हे खरं. पण त्यामुळे आपल्या गल्लीतल्या नजमाचा मार थांबत नाही. शेवटी विमानतळावर ती तलाकचे कागद नवऱ्याच्या हातात देते. तेव्हा तिच्या पाठीशी ना जमात आहे, ना नातेवाईक. आहे ती फक्त मुलगी आणि गुड्डू. मला त्या दृश्याची नाही, त्या रिकाम्या जागेची लाज वाटते.

तिसरा मल्याळम, ‘हलाल लव्ह स्टोरी’, 2020 चा. झकरिया या दिग्दर्शकाचा. सबटायटल लावून बघा. केरळमधल्या एका धार्मिक संघटनेचे कार्यकर्ते ठरवतात की आपणही सिनेमा काढायचा, पण शरियतच्या चौकटीत. मग प्रश्न येतो, पडद्यावर नवरा-बायको दाखवायचे तर नट-नटी एकमेकांना परके कसे चालतील? उपाय म्हणून खरंच लग्न झालेलं जोडपं घेतात. गंमत इथून सुरू होते. कॅमेऱ्यासमोर बायको सहज वावरते, नवरा मात्र अडखळतो. आणि बायको आपल्यापेक्षा चांगलं काम करते, हे त्याला पचत नाही. सिनेमा दाढीवर हसत नाही, नमाजावर हसत नाही. तो त्या नवऱ्याच्या अहंकारावर हसतो, आणि तेही मायेने. आपल्या माणसाने आपली थट्टा केली की कशी असते, याचा हा उत्तम नमुना. मला पडलेला प्रश्न असा: असा सिनेमा मराठी मुसलमानाने अजून का केला नाही? विषयांची वाण नक्कीच नाही. एखाद्या निकाहच्या वाटाघाटी नुसत्या जशाच्या तशा चित्रित केल्या तरी दोन तास पुरणार नाहीत.

चौथा मात्र आपल्या महाराष्ट्रातला, ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’. रीमा कागतींचा हा सिनेमा फेब्रुवारी 2025 मध्ये आला. नासिर शेख हा व्हिडिओ पार्लर चालवणारा तरुण, त्याचे मित्र, आणि त्यांनी 2000 मध्ये केलेला ‘मालेगाव के शोले’. त्याआधी फैजा अहमद खान यांनी याच मंडळींवर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला होता. तोही शोधून बघा. शॉट घ्यायला क्रेन नाही, तर बैलगाडी. ट्रॉली नाही, तर सायकल. यंत्रमागावर राबणारा शफीक त्यांचा सुपरमॅन. बातम्यांमध्ये मालेगाव म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं, हे मी सांगायला नको. त्याच गावातल्या पोरांनी कुणाच्या बातमीला उत्तर न देता, कुणापुढे देशभक्ती सिद्ध न करता, स्वतःच्या गावाला पोट धरून हसवलं.

पण तिथेही एक गोष्ट खटकते. त्यांच्या सिनेमात नायिका बाहेरगावाहून आणावी लागते, कारण गावातली मुलगी कॅमेऱ्यासमोर येणार नाही. सुपरमॅन मालेगावचा चालतो, नायिका मालेगावची चालत नाही. दुसऱ्यांनी आपल्याला पडद्यावर नीट जागा द्यावी, अशी आपली मागणी आहे आणि ती रास्त आहे. पण आपल्या अर्ध्या लोकांना आपणच पडद्यापासून दूर ठेवलं, तर ती मागणी कोणत्या तोंडाने करायची?

या चारही सिनेमांतला मुसलमान देव नाही आणि राक्षसही नाही. त्याला परीक्षा द्यायची आहे, गाणं म्हणायचं आहे, बायकोचा हेवा वाटतो आहे, मित्रांबरोबर ‘शोले’ काढायचा आहे. मुसलमान असण्यापलीकडे त्याला काही काम आहे. सिनेमा बरा की वाईट, हे ठरवायला मला एवढी एक कसोटी पुरते. ती कोणत्याही सिनेमाला लावून बघा. जो नापास होईल त्यावर जरूर टीका करा, मुद्देसूद करा, लिहून करा. पण पाहिल्यानंतर करा.

दुसरं म्हणजे, आपल्या गोष्टी आपणही सांगायला लागू. मालेगावच्या पोरांपेक्षा चांगला कॅमेरा आज तुमच्या खिशात आहे. कोकणातल्या खलाशाची, मराठवाड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या आणि नाव ऐकताच खोली नाकारल्या गेलेल्या मुलीची, घरात दखनी आणि बाहेर मराठी बोलणाऱ्या आपल्या दादीची गोष्ट दुसरा कुणी येऊन सांगेल, याची वाट किती दिवस बघायची? आणि ती सांगताना घरातली चूकही दाखवा. ओळ न ओळ आपल्याइतकी कुणीच वाचलेली नाही.

तूर्त या आठवड्यात यांपैकी एक सिनेमा घरच्यांबरोबर बसून बघा. ‘सीक्रेट सुपरस्टार’ लावणार असाल, तर रिमोट अम्मीच्या हातात द्या. मध्येच थांबवून तिला काही सांगावंसं वाटलं, तर सिनेमा राहू द्या, तिचं ऐका.