मेदूवड्याच्या आकाराचा ग्रह

ग्रह गोल का असतात असे वर्गात विचारले, की 'गुरुत्वाकर्षणामुळे' हे उत्तर ठरलेले असते. मग एखादा विचारतो, "मध्ये भोक असलेला, मेदूवड्यासारखा ग्रह का नाही?" वर्गात हशा पिकतो आणि विषय तिथेच संपतो. माझ्या मते हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. प्वँकारे आणि सोफिया कोवालेव्हस्काया या थोर गणितज्ञांनी १८८५ च्या सुमारास द्रवरूप कड्याचे गणित मोठ्या गांभीर्याने मांडले होते.

समजा, पृथ्वीएवढ्या वस्तुमानाचे एक जाड कडे आपण अवकाशात ठेवले. त्याचा प्रत्येक भाग उरलेल्या सर्व भागांना ओढणार, म्हणजे एकंदर ओढ मध्याकडे. कडे स्थिर असेल तर भोक काही तासांतच बुजून त्याचा गोळा होईल. येथवर ठरलेले उत्तर बरोबर आहे. पण आता हे कडे चाकासारखे गरगर फिरवा. फिरणाऱ्या वस्तूचा प्रत्येक कण सरळ रेषेत निसटू पाहतो. त्याला वळवून धरण्यातच मध्याकडची ओढ खर्ची पडते आणि भोक उघडे राहते. यासाठी फिरायचे तरी किती वेगाने? अँडर्स सँडबर्ग यांनी २०१४ मध्ये केलेल्या आकडेमोडीनुसार अशा ग्रहावरचा दिवस जेमतेम तीन तासांचा भरेल. सकाळची शाळा सुटेपर्यंत दिवस आणि रात्र दोन्ही उरकलेले!

म्हणजे कागदावर हा ग्रह शक्य आहे. 'गुरुत्वाकर्षण सर्वांना गोल करते' एवढ्यावर थांबणारे उत्तर म्हणूनच मला अपुरे वाटते.

खरी अडचण पुढेच आहे. तोल साधणे वेगळे आणि तो टिकणे वेगळे. वाटीतली गोटी जराशी ढकलली तर परत तळाशी येते. पालथ्या वाटीवर ठेवलेली गोटी एका फुंकरीने घरंगळते. तोल दोन्हीकडे आहे, स्थैर्य मात्र एकीकडेच. आपले कडे कोणत्या वाटीवर आहे? फ्रँक डायसन यांनी हा हिशेब १८९३ साली मांडला. (१९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी आइन्स्टाइनचा सिद्धांत तपासण्याची मोहीम आखणारे ते हेच डायसन.) बारीक कड्यात एखादी जागा चुकून थोडी फुगली, की तिचे वस्तुमान वाढते. ती शेजारचे द्रव्य आणखी ओढते आणि आणखी फुगते. दोन्ही बाजूंना मान बारीक होत जाते आणि शेवटी तुटते. कड्याची अशी मण्यांची माळ होते. नळाची बारीक धार खाली येताना थेंबांत तुटते, तसाच काहीसा हा प्रकार. मात्र तिथे पृष्ठताण काम करतो, इथे गुरुत्वाकर्षण. कडे चांगले जाडजूड असेल तर हा धोका कमी होतो, हेही सांगायला हवे.

पण जाडजूड कडे घडवणार कोण? ग्रह तयार होतात ते ताऱ्याभोवतीची धूळ आणि खडक एकमेकांवर आदळून, चिकटून. त्यात मध्यभाग मोकळा राहण्याचे काही कारणच नाही. बरे, तयार गोळ्याला फार जोरात फिरवले तर? नेपच्यूनपलीकडचा हौमिया पाहा. तो सुमारे ३.९ तासांत स्वतःभोवती फिरतो. त्याला भोक पडलेले नाही. तो लिंबासारखा लांबट झाला आहे. वेग याहूनही वाढला, तर द्रव्य विषुववृत्तावरून निसटू लागते. म्हणून मला विचाराल तर, असा ग्रह गणिताने नाकारलेला नाही, पण निसर्गाला तिथवर जाणारी वाट नाही.

त्यातल्या त्यात जवळचा प्रकार सायमन लॉक आणि सारा स्टुअर्ट यांनी २०१७ साली सुचवला. दोन ग्रहांएवढे गोळे जोरात आदळले, तर खडकांची वाफ होऊन एक प्रचंड, फुगीर, वेगाने फिरणारी तबकडी तयार होईल, असे त्यांचे गणित सांगते. पृथ्वीही चंद्राच्या जन्माच्या वेळी अशी असावी, असे त्यांचे मत आहे. तिच्या मध्यावर मात्र आरपार भोक नाही, नुसता खळगा. आणि तोही तबकडी निवून तिचा पुन्हा गोळा होईपर्यंतच.