दोष कोणाचा?

अतिशय स्थूल मूल दिसले की लोक त्याला ‘खादाड’ म्हणून हसतात. हा न्याय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, १९९० साली जगातील ५ ते १९ वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा २ मुले अतिस्थूल होती. २०२२ साली हे प्रमाण शेकडा ८ झाले. एवढ्या काळात मुलांचा स्वभाव पालटला, असे म्हणता येत नाही. पालटले ते भोवतालचे जग. गोड पेये व तळलेला खाऊ जागोजागी मिळू लागला, धावणेखेळणे मात्र कमी झाले. अशा स्थूलतेपायी कोवळ्या वयातच मधुमेहासारखा विकार जडू शकतो.

चिली देशाने हे ओळखले. २०१६ पासून तेथे साखर, मीठ इत्यादी प्रमाणाबाहेर असलेल्या पदार्थांच्या वेष्टनावर काळी अष्टकोनी खूण छापावी लागते, आणि असे पदार्थ शाळेत विकण्यास मनाई आहे. काळी खूण मुलाच्या कपाळी न लावता खाऊच्या वेष्टनावर लावली, यातच या कायद्याचे शहाणपण आहे.

स्थूल मुलाला वैद्यकीय सल्ला, सकस अन्न आणि खेळायला मैदान मिळवून देणे हे समाजाचे कर्तव्य होय. त्याला न हसता खेळायला हाक मारणे, हे तर त्याच्या सोबत्यांच्याही हाती आहे.