अस्वलाचे डोळे आणि सरकारी शिक्का

पेडण्याच्या कोरगावात एखाद्या गृहिणीने उरल्यासुरल्या कापडाचे अस्वल शिवून, आत कापूस भरून शेजारच्या मुलाला दिले, तर तो कौतुकाचा विषय होतो. तेच अस्वल तिने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मांडले, की कायद्याच्या लेखी ती खेळण्यांची कारखानदार! १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का सक्तीचा झाला आहे. हाताने शिवलेले अस्वल आणि यंत्रातून निघालेली प्लास्टिकची मोटार या दोहोंना नियम तोच.

हा नियम उगाच केलेला आहे, असे मात्र मला म्हणवत नाही. २००७ साली मॅटेल या बड्या अमेरिकन कंपनीला लक्षावधी खेळणी परत घ्यावी लागली होती. काहींच्या रंगात शिसे होते, काहींतून छोटी लोहचुंबके सुटत होती. अस्वलाचा धोका त्याच्या डोळ्यांत असतो. परीक्षेसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. अगदी लहान मुलाच्या खेळण्याचा सुटलेला तुकडा तीत मावला, की तो घशात अडकेल असे धरून खेळणे नापास करतात. युरोपात तर हा डोळा सुमारे ९ किलोच्या ओढीला टिकावा लागतो. दोऱ्याने टाचलेले सदऱ्याचे बटण तेथे काय टिकणार? डोळे दोऱ्याने भरून काढावेत, हा तोडगा आपल्या आज्यांना ठाऊक होताच.

डिसेंबर २०२० मध्ये आदेशात दुरुस्ती होऊन हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिराने बनवलेल्या व विकलेल्या मालाला सूट मिळाली. एके काळी पेडणे ज्यांच्या अमलाखाली होते, त्या सावंतवाडीच्या चितारआळीतल्या पिढीजात चिताऱ्याला कारागीर म्हणावयास कोणाची हरकत नसते. दुपारची कामे आटोपून शिवणयंत्रावर बसणारी बाई स्वतःला कारागीर समजतच नाही; मग ती नोंद कशी करणार? शिवाय ‘बनवलेल्या व विकलेल्या’ या शब्दांतच मेख आहे. तिचा माल दुकानदाराने विकला, तर सूट कोणाला?

वास्तविक ओळखपत्राने खेळणे निर्धोक होत नाही. नोंदलेल्या कारागिराचा रंगही मूल तोंडात घालतेच. अमेरिकेने येथे अधिक शहाणपण दाखवले. एखादे खेळणे वर्षाला साडेसात हजारांहून अधिक न करणाऱ्या छोट्या उत्पादकाला तेथे काही बाहेरच्या चाचण्या माफ आहेत; परंतु रंगातील शिसे आणि घशात अडकणारे तुकडे यांची तपासणी त्यालाही चुकत नाही. आपल्याकडेही सवलत नगांच्या संख्येवर द्यावी, जात्याच्या किंवा कार्डाच्या आधारावर नव्हे, आणि डोळ्यांची परीक्षा कोणालाच माफ करू नये. त्यासाठी लागणारा ताणकाटा व ती नळी पेडण्याच्या तालुका कचेरीतही ठेवता येईल.