खाल्ल्या मिठाचा हिशेब

गेल्या महिन्यात माझ्या सासूबाईंना बीपीचा त्रास निघाला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी बजावलं, "मीठ कमी करा." झालं! लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली, पापड बंद झाला, त्यांचं वरण वेगळ्या पातेल्यात शिजू लागलं. आणि एका दुपारी पाहते तर काय, सासूबाई नातवासोबत पाच रुपयांच्या पुड्यातलं कुरकुरीत खात बसलेल्या! मी काही बोलायच्या आतच म्हणाल्या, "अगं, हे कुठं खारट आहे? आंबट-तिखट तर लागतंय!"

त्यांचं काय चुकलं? पुडा उलटून पाहिला, तर मागे मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. नववीतल्या लेकीने वाचून दाखवलं. मीठ असं कुठेच नाही, सोडियम लिहिलेलं. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. म्हणजे १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर २ ग्रॅम मीठ झालं. हा हिशेब किती बायका दुकानात उभ्या राहून करणार?

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. आपण भारतीय साधारण याच्या दुप्पट खातो. त्यातलं बरंचसं आपल्याच स्वयंपाकघरातलं, हे मान्य. पण घरातला चमचा आपल्या हातात असतो, पुड्यातला नसतो. म्हणूनच तिथे सरकारने लक्ष घालायला हवं, असं मला वाटतं.

"आता सरकार मीठही मोजणार का?" असं कुणी विचारेल. अहो, मिठात सरकार आधीच आहे! गलगंड टळावा म्हणून २००६ पासून खाण्यासाठी आयोडीन नसलेलं मीठ विकायला बंदी आहे. आपण ते मुकाट्याने स्वीकारलं. २०१७ मध्ये राज्य सरकारने शाळांच्या उपाहारगृहांतून जास्त मीठ-साखरेचे पदार्थ हटवायला सांगितलं. २०२० च्या केंद्रीय नियमाने शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांची विक्री मना केली. पण आमच्या मुलांच्या शाळेसमोर पुड्यांच्या माळा आजही लटकतात. एकेका टपरीवाल्यामागे धावण्यापेक्षा कारखान्यातच मीठ कमी केलेलं काय वाईट? दक्षिण आफ्रिकेने २०१३ मध्ये तसा नियम केला. २०१६ पासून तिथे ब्रेड, चिप्स अशा पदार्थांतल्या मिठाला मर्यादा लागू झाली.

आपल्या बचत गटांच्या बायका घाबरतील, की पापड-लोणच्याचं काय? ते टिकायलाच मीठ लागतं आणि ताटात जरासंच घेतलं जातं. त्यांना आधी सवलत, माहिती द्यावी. नियमाची सुरुवात चिप्स, नूडल्स, ब्रेड बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांपासून व्हावी. आणि पुड्याच्या पुढच्या बाजूला ठळक मराठीत छापावं, 'यात मीठ जास्त आहे.'

मैत्रिणींनो, जिभेला लहानपणी लागलेली चव मोठेपणी सुटत नाही. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. पण मीठ खाल्लंय हेच कळलं नाही, तर सासूबाईंनी जपायचं तरी कसं?